शिडीखालचे पात्र, शिडीवरचे अपात्र

धारावीत माळ्यावर जायला बहुधा जिना नसतो. गल्लीतच उभी केलेली एक लोखंडी शिडी असते. खाली एक बिऱ्हाड किंवा गाळा, वर दुसरे बिऱ्हाड. दोन्ही बिऱ्हाडे एकाच नळाचे पाणी भरतात, एकाच सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभी राहतात आणि पावसाळ्यात एकाच गटाराचे पाणी बादल्यांनी उपसतात. १८ मार्च २०२४ रोजी कमला रमण नगरातून पुनर्विकासाच्या सर्वेक्षणास प्रारंभ झाला आणि या साध्या शिडीला शासकीय अर्थ प्राप्त झाला. शिडीच्या पायथ्याशी १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहणाऱ्याला धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळावयाचे आहे. त्यानंतर, परंतु १ जानेवारी २०११ पूर्वी आलेल्याला अडीच लाख रुपये भरून ३०० चौरस फुटांचे घर, तेही धारावीबाहेर. त्याच्याही मागून आलेला, आणि शिडीच्या वर राहणारा, मग तो कितीही वर्षांचा रहिवासी असो, धारावीबाहेर भाड्याच्या घरात जाईल व जमल्यास ते हप्त्याहप्त्याने विकत घेईल. त्यांच्यासाठीही १५ नोव्हेंबर २०२२ ही अखेरची रेषा आहेच.

सरकारपक्ष या प्रतवारीला औदार्य म्हणतो. पूर्वीच्या योजनांत अपात्राला काहीच मिळत नसे, आता निदान भाड्याचे छप्पर तरी मिळेल, असा युक्तिवाद केला जातो. आणि खेदाची गोष्ट अशी की, पुरोगामी म्हणविणाऱ्या अनेकांनाही तो पटू लागला आहे. म्हणूनच मूळ प्रश्न पुन्हा एकदा स्वच्छपणे मांडणे अगत्याचे आहे. धारावीची बहुतांश जमीन महापालिकेच्या व अन्य सार्वजनिक संस्थांच्या मालकीची आहे. लोकांच्या जमिनीवर लोकांना घरे देण्याच्या योजनेत काही माणसांना अपात्र ठरवावे का लागते? याचे उत्तर कोणत्याही नीतिशास्त्रात नाही. ते जमाखर्चात आहे. जितके पात्र कमी, तितकी विक्रीसाठी मोकळी होणारी जागा अधिक. ‘अपात्र’ हा शब्द माणसाविषयी काहीही सांगत नाही. ती जमिनीच्या हिशेबातील एक वजाबाकी आहे.

व्याख्येतील लूट

मुंबईत सार्वजनिक जमिनीची लूट दरोडा घालून होत नाही. ती व्याख्या बदलून होते. गिरण्यांच्या जमिनींचा इतिहास ज्यांना आठवतो त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप मोडला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि परळ, लालबाग, वरळीतील सुमारे ६०० एकर जमिनीचे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्याचे एक बऱ्यापैकी उत्तर दिले होते: एक भाग महापालिकेला मैदाने व उद्यानांसाठी, एक भाग म्हाडाला गरिबांच्या घरांसाठी आणि एक भाग मालकाला. १९९६ मध्ये वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित विचार करण्याची दिशा दाखविली होती.

मग २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणीचे तत्त्व कागदावर तसेच राहिले. फक्त ती वाटणी गिरणीच्या आवारातील ‘मोकळ्या’ जमिनीपुरती, म्हणजे ज्यावर मुळातच बांधकाम नव्हते तेवढ्यापुरती, मर्यादित झाली. गिरणीचे आवार शेड आणि गोदामांनी भरलेले असते. तेथे मोकळी जागा असणार ती किती? शहराच्या वाट्याला दोन तृतीयांशाऐवजी तुकडे आले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये शहराच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. एका विशेषणाने शेकडो एकरांचा निकाल लावला. आज त्या जमिनीवर मॉल आणि मनोरे उभे आहेत; आणि हयात असलेल्या गिरणी कामगाराला मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शेलू आणि वांगणीचा रस्ता दाखविला. जुलै २०२५ मध्ये हे वृद्ध कामगार ‘घर द्या, पण मुंबईत द्या’ एवढेच मागण्यासाठी आझाद मैदानावर आले होते. चाळीस वर्षांत त्यांचा लढा कारखान्यापासून घरापर्यंत आणि घरापासून पत्त्यापर्यंत मागे रेटला गेला आहे.

गिरण्यांच्या बाबतीत जे काम ‘मोकळी’ या शब्दाने केले, ते झोपडपट्टीच्या बाबतीत ‘पात्र’ हा शब्द करीत आला आहे. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली त्यांना ओळखपत्रे मिळाली आणि शहरातील गरिबांमध्ये पहिली रेघ ओढली गेली. पुढे १९९५, मग २०००, मग २०११ अशी ती सरकत राहिली. ती केव्हा सरकली, हे पाहणे उद्‌बोधक आहे: मते हवी असताना ती पुढे सरकते, जमीन हवी असताना मागे. २००४ च्या विधानसभा निवडणुकीत २००० पर्यंतच्या झोपड्यांना संरक्षणाचे आश्वासन देण्यात आले. निवडणूक संपली, आणि त्याच हिवाळ्यात मुंबईचे शांघाय करण्याच्या नावाखाली ऐंशी हजारांहून अधिक झोपड्या जमीनदोस्त झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑल्गा टेलिस खटल्यात १९८५ मध्येच सांगितले होते की, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे. परंतु त्याच निकालाने नोटीस देऊन हटविण्यास मुभाही दिली. राज्यकर्त्यांनी निकालाचे पहिले वाक्य भाषणांसाठी ठेवले आणि दुसरे अंमलबजावणीसाठी.

महागाईच्या पायावर गरिबाचे घर

शासनाकडे घरांसाठी पैसा नाही. म्हणून खाजगी विकासकाला अधिक चटईक्षेत्र द्यावयाचे, त्याने त्यातील काही भागात गरिबांना फुकट घरे बांधून द्यावयाची आणि उरलेला भाग बाजारात विकून खर्च व नफा वसूल करावयाचा, हे १९९५ मध्ये स्थापन झालेल्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाचे सूत्र आहे. वरवर पाहता सगळ्यांचाच लाभ. पण या सूत्राच्या पोटात एक विसंगती दडलेली आहे आणि ती क्वचितच बोलली जाते. विक्रीचे घर जितके महाग विकले जाईल, तितकेच गरिबाच्या घराचे गणित जमते. म्हणजे झोपडीवासीयाला घर मिळण्यासाठी मुंबईतील घरे कारकून, शिक्षक, परिचारिका आणि बसचालकाच्या आवाक्याबाहेर असणे ही या योजनेची पूर्वअट आहे. उद्या जमिनीचे भाव कोसळले तर पुनर्वसन थांबेल. भाव चढेच राहिले तर नव्या कष्टकऱ्याला झोपडीखेरीज थारा उरणार नाही आणि त्याच्यासाठी नवी ‘अपात्र’ वस्ती तयार होईल. झोपडपट्टी नाहीशी करण्याची ही योजना झोपडपट्टी निर्माण करणाऱ्या कारणावरच पोसली जाते.

धारावीत हे सूत्र टोकाला गेले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाच्या कंपनीची ५०६९ कोटी रुपयांची बोली स्वीकारली गेली. प्रकल्पासाठी स्थापन झालेल्या कंपनीत खाजगी भागीदाराचा वाटा ८० टक्के आणि शासनाचा २० टक्के. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या बृहत् आराखड्याचा खर्च ९५ हजार कोटींच्या घरात सांगितला गेला. इतर पुनर्वसन योजनांत रहिवाशांच्या बहुमताची संमती घ्यावी लागते. पूर्वी ७० टक्के लागत असे, पुढे ती ५१ टक्क्यांवर आणली गेली. धारावीत शासकीय प्रकल्प म्हणून तीही आवश्यक मानलेली नाही. संमती घेण्याच्या वेळी प्रकल्प शासनाचा असतो, नफ्याच्या वेळी तो कंपनीचा होतो.

याहून बोलकी आहे ती हस्तांतरणीय विकास हक्कांची व्यवस्था. धारावीत वापरता न येणारे बांधकामाचे हक्क शहरात अन्यत्र विकता येतात. २०२३ मध्ये शासनाने असे ठरविले की, मुंबईत असे हक्क खरेदी करणाऱ्या विकासकाने त्यातील पहिले ४० टक्के धारावीतूनच घ्यावेत. स्वस्त भागातील हक्क महाग भागात वापरताना ते प्रमाणात घटविण्याचा जो नियम इतरांना लागू होता, त्यातूनही धारावीला सूट मिळाली. खुल्या बाजाराची पोथी अहोरात्र वाचणाऱ्यांनी यावर विचार करावा. येथे मालही शासनाने निर्माण केला आणि गिऱ्हाईकही शासनानेच दाराशी आणून उभे केले. ‘शासनाकडे पैसा नाही’ या विधानाचा खरा अर्थ असा की, शासनाकडे पैशाहून मोलाची गोष्ट आहे, बांधण्याचा हक्क. आणि ती कोणाच्या पदरात टाकावयाची हे ठरलेले आहे.

कुर्ला विरुद्ध धारावी?

अपात्रांना पाठवावयाचे कोठे? कांजूर, भांडुप, मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन, देवनारच्या कचराभूमीची १२४ एकर, कुर्ल्याच्या मदर डेअरीची सुमारे २१ एकर: ही यादीच पुरेशी बोलकी आहे. मिठागरे भरतीचे व पावसाचे पाणी पोटात घेतात, हे २६ जुलै २००५ चा प्रलय पाहिलेल्या शहराला कोणी सांगावयास नको. आणि शहराच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी माणसांना घरे देण्याची कल्पना ज्यांना सुचते, त्यांनी माहुलचा धडा वाचलेला नाही. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या उठवून तेथील कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत वसविले गेले. इमारती पक्क्या होत्या, कागद पक्के होते, फक्त हवा श्वास घेण्याजोगी नव्हती. माणसे आजारी पडू लागली तेव्हा याच लोकांनी विद्याविहार येथे महिनोन्‌महिने रस्त्यावर मुक्काम ठोकला. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांना अन्यत्र राहण्यासाठी दरमहा १५ हजार रुपये भाडे देण्याचा आदेश दिला, तो या चिकाटीमुळे.

कुर्ल्याच्या रहिवाशांनी डेअरीची जागा उद्यानासाठी मागितली आणि ती धारावी प्रकल्पाला देण्यास विरोध केला. मुलुंडमध्येही विरोधाचे सूर उमटले. या विरोधात दोन प्रवाह आहेत, आणि कार्यकर्त्यांनी ते वेगळे ओळखले पाहिजेत. शेवटची मोकळी जागा वाचावी, झाडे वाचावीत, ही मागणी न्याय्य आहे. परंतु ‘धारावीची माणसे आमच्याकडे नकोत’ ही भाषा मात्र त्याच व्याख्येची गुलाम आहे. तिने धारावीच्या माणसाला आधीच अपात्र मानून घेतलेले असते. खरे तर कुर्ल्याची मागणी आणि धारावीची मागणी ही एकच आहे: धारावीकराला धारावीतच घर द्या. तसे झाले तर कुर्ल्याचे मैदान आपोआप वाचते. या दोन वस्त्यांना एका व्यासपीठावर आणणे हे आज चळवळीपुढचे पहिले काम आहे, आणि ते न झाल्यास दोघींचा पराभव निश्चित आहे.

गटारासाठी लढा नाही

या चळवळींवर एक आक्षेप हमखास घेतला जातो: विरोधकांना गरिबी टिकवावयाची आहे, त्यांना गटारे आणि अंधाऱ्या खोल्या प्रिय आहेत. आक्षेप टाळून चालणार नाही. धारावीतील जीवनाचे गोडवे गाणारे लेखक आणि पाहुणे आहेत, आणि त्यांनी चळवळीचे भले केलेले नाही. रात्री संडासाला जाण्यासाठी सोबत शोधणाऱ्या बाईला तिच्या वस्तीच्या ‘उद्यमशीलतेचे’ कौतुक ऐकावयाचे नसते. तिला घरात संडास हवा असतो. पक्के घर ही धारावीचीच मागणी आहे, आणि ती कोणत्याही विकासकाहून जुनी आहे.

परंतु घराची मागणी म्हणजे या घराला मान्यता नव्हे. धारावीत घर आणि कारखाना वेगळे नाहीत. कुंभारवाड्यात भट्टी अंगणात असते. तेराव्या कंपाउंडमध्ये प्लास्टिक निवडले जाते जमिनीवर आणि वाळते छपरावर. पापड लाटणाऱ्या बाया गल्लीतल्या उन्हावर अवलंबून असतात. चामड्याच्या आणि शिवणकामाच्या गाळ्यांत राबणारा कामगार रात्री तेथेच पथारी पसरतो, आणि त्याचे नाव तर कोणत्याच यादीत नसते. १ जानेवारी २००० पूर्वीच्या व्यावसायिक गाळ्याला २२५ चौरस फुटांपर्यंत जागा विनामूल्य देऊ, असे सांगण्यात येते. भट्टीला, वाळवणाला आणि भंगाराच्या ढिगाला चौरस फुटांत कसे मोजणार? विसाव्या मजल्यावरच्या घरात लिफ्टचा आणि देखभालीचा खर्च सुरू होतो आणि त्याच दिवशी तो खर्च भागविणारा धंदा संपतो. मग घर विकले जाते आणि माणूस पुन्हा नव्या झोपडीत जातो. तेव्हा हेच टीकाकार म्हणतात की, गरिबाला घराची किंमत नाही.

पर्याय नाही असे म्हणणाऱ्यांना याच शहराचा इतिहास दाखविता येईल. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याने अतिरिक्त जमिनीवर समाजाचा हक्क मान्य केला होता. मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने ऐंशीच्या दशकात त्यासाठी लढा दिला आणि गोरेगावात दिंडोशीला सुमारे सहा हजार कुटुंबांची वसाहत उभी केली. ती घरे फुकट नव्हती. ती परवडणारी होती, कारण त्यांच्या किमतीत जमिनीचा सट्टा मिळविलेला नव्हता. राज्याने २००७ मध्ये हा कायदा गुंडाळला. पर्याय नव्हता म्हणून विकासक आले, हे खरे नाही. विकासकांची वाट मोकळी व्हावी म्हणून पर्याय मोडण्यात आला.

चळवळीने स्वतःला विचारावयाचे प्रश्न

धारावीचा लढा कालचा नाही. २००४ मध्ये पुनर्विकासाचा प्रकल्प मंजूर झाला, आणि जून २००७ मध्ये धारावीकरांनी वांद्र्यातील म्हाडा कार्यालयावर मोर्चा नेला. २००९ मध्ये तर शासनानेच नेमलेल्या, माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने या प्रकल्पावर जमीन बळकावण्याचा ठपका ठेवला. लोकांच्या रेट्यामुळे आणि सरकारांच्या धरसोडीमुळे तो प्रकल्प रेंगाळला. १६ डिसेंबर २०२३ रोजी धारावीतून अदानी समूहाच्या कार्यालयावर मोठा मोर्चा निघाला. त्या मोर्चात झेंडे पुष्कळ होते. परंतु त्यांतील प्रमुख पक्ष २००४ पासून कधी ना कधी सत्तेवर होते आणि पात्रतेची रेघ त्यांपैकी कोणीही पुसली नाही, हेही नोंदविले पाहिजे. निविदेला दिलेले आव्हान उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळले. पण त्या वादाचा विषय निविदा हा होता, धारावीकराचे घर हा नव्हता. बोलीदार बदलल्याने शिडीवरच्या माणसाचे भवितव्य बदलले नसते.

येथेच चळवळीला एक अप्रिय गोष्ट सांगावी लागते. तिच्या दोन घोषणा आहेत: ‘५०० फुटांचे घर’ आणि ‘कोणीही अपात्र नाही’. दोन्ही रास्त आहेत. पण सभांत टाळ्या पहिल्या घोषणेला पडतात, कारण सभेला येणारा बहुधा तळमजल्याचा असतो. त्याच्याकडे कागद असतात, समितीत त्याला मान असतो, आणि वरच्या मजल्याचे भाडेही पुष्कळदा तोच घेतो. शासन हे जाणून आहे. उद्या वाटाघाटीत ३५० चे फूट थोडे वाढवून मिळतील, पात्रांचा विजयोत्सव होईल, आणि ते वाढीव फूट अपात्रांच्या जागेतूनच कापून दिलेले असतील. चौरस फुटांची मागणी विकासकाच्या गणितात बसते; अपात्रतेला नकार ते गणितच मोडतो. म्हणून दुसरी घोषणा पहिली झाली पाहिजे.

त्यासाठी कार्यकर्त्यांनी करावयाची कामे फार मोठी नाहीत, पण कष्टाची आहेत. गल्लीगल्लीत सर्वेक्षणाच्या याद्या जाहीरपणे वाचल्या गेल्या पाहिजेत आणि यादीत नसलेल्या प्रत्येकाचे नाव लोकांनी स्वतः लिहून काढले पाहिजे. मोहल्ला समित्यांत भाडेकरू आणि गाळ्यात झोपणारा कामगार यांना जागा मिळाली पाहिजे. त्यांच्यासाठी हिंदी, तमिळ, गुजराती बोलणारा माणूस समितीत असला पाहिजे. कामाच्या जागेचा आराखडा कामगारांनी आणि कारागिरांनी काढला पाहिजे. वास्तुविशारदाने त्यावर रेघा माराव्यात. कुर्ला, मुलुंड, देवनार येथील रहिवाशांच्या सभांना धारावीच्या माणसांनी जावे आणि त्यांना आपल्या गल्लीत बोलवावे. आणि शेवटच्या कुटुंबाची धारावीतील सोय लेखी ठरेपर्यंत पहिल्या कुटुंबानेही घर सोडू नये.

हे शेवटचे कलम कठीण आहे. पक्क्या घराची किल्ली समोर दिसत असताना वरच्या बिऱ्हाडासाठी थांबावयाचे, हे तळमजल्याच्या माणसाला कोण सांगणार? ते सांगण्याचे धैर्य ज्या पक्षात नाही, त्याने धारावीत झेंडा रोवू नये. गिरणगावातही प्रत्येकाला आपली गिरणी वाचेल असे वाटले होते.